तिसरी रेघ

सकाळी दुधाची पिशवी कापत होते तेव्हा फोन वाजला. नंबर भास्करदादांचा होता. भास्करदादा म्हणजे माझी मैत्रीण मंदा हिचे थोरले भाऊ. मंदाला पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून ते वऱ्हाडातलं आपलं घर सोडून विश्रांतवाडीला, तिच्या फ्लॅटवर येऊन राहिले होते. ते स्वतःहून कधी फोन करत नसत. मी फोन उचलला आणि ते म्हणाले, "ताई, मंदा गेली जी." मग मी कधी, कशी असले प्रश्न विचारले, त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. पहाटे दुसरा झटका आला, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवला तेव्हा दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं आणि मी कात्री हातात धरून नुसतीच उभी होते. याला आता सात आठवडे होतील.

खरं तर मी काही लिहिणार नव्हते. पण आमच्या जुन्या कंपनीतल्या लोकांनी एका हॉलमध्ये शोकसभा घेतली आणि तिथे एकामागून एक उठून जे बोलले, ते ऐकून मला राहवेना. मंदा फार हुशार होती, पण... मंदाकडे केवढं डोकं होतं, पण... त्या 'पण'च्या पुढे कुणी काही स्पष्ट बोलत नव्हतं. शेवटी आमच्या एकेकाळच्या साहेबांनी ते बोलून टाकलं. नको त्या नादापायी बाईच्या बुद्धीचं चीज झालं नाही, असं ते म्हणाले. नाद म्हणजे तिने स्वतः तयार केलेली भाषा. तीस माणसांसमोर मी उठले आणि म्हणाले की ती भाषा मला येते, तुम्हाला येत नाही, तेव्हा चीज झालं की नाही हे तुम्ही ठरवू नये. शोकसभेत भांडू नये हे मलाही कळतं. पण मंदाच्या बाजूने भांडायला मी तशीही फार उशिरा शिकले होते, आणि ती थकबाकी मला आणखी वाढवायची नव्हती.

मंदा पहिल्यांदा दिसली ती कर्वे रस्त्याच्या एका गल्लीतल्या बंगल्यात. तेव्हा परदेशी कामं नुकती यायला लागली होती आणि पुण्यात कुणाच्याही बंगल्याच्या तळमजल्यावर सॉफ्टवेअर कंपनी निघत होती. आमची तशीच होती. दिवाणखान्यात आठ संगणक, स्वयंपाकघरात प्रिंटर, आणि मागच्या अंगणात डबे खायला बाकडी. मंदा वऱ्हाडातून शिकायला आली आणि नोकरीला लागली. मी शनिवार पेठेत वाढलेली. आपल्या तोंडून निघेल तेच मराठी आणि बाकीचं सगळं त्याचं बिघडलेलं रूप, अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत मला कुणी शिकवली नव्हती, शनिवार पेठेत ती पाण्यातूनच मिळते. तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी अंगणात डोकावून चल म्हणाले, तर ती म्हणाली, "थांब ना, मी जेवून राहिली." वऱ्हाडात 'जेवतेय'ला असंच म्हणतात. मी सगळ्यांसमोर विचारलं, "जेवून कुठे राहणार आहेस?" सगळे हसले. मंदाही हसली. हसून तिने डबा बंद केला, आणि त्यानंतर दोन महिने ती ऑफिसात कुणाशीही मराठीत बोलली नाही. जे काही बोलायची ते इंग्रजीत, तेही अडलं तरच.

मला तेव्हा काहीही वाटलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच हवं. मला वाटलं, मुलगी शिष्ट आहे. मग एकदा प्रिंटरच्या कागदाच्या लांबलचक पट्टीमागे मला तिच्या अक्षरातले रकाने सापडले. शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. पण मांडणी शाळेतल्या व्याकरणाच्या वहीसारखी होती. एक शब्द, त्याची अनेकवचनं, आणि त्याला निरनिराळे प्रत्यय लावून झालेली रूपं. मी तिला विचारलं, हे काय आहे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी भाषा आहे. हिच्यात तुला मला हसता येणार नाही, कारण तुला ती येत नाही." हे सगळं अगदी शुद्ध, पुणेरी मराठीत. मी म्हणाले, "मग शिकव." ती का शिकवायला तयार झाली हे तिने मला कधी सांगितलं नाही. मला वाटतं, एकट्याने बोलता येत नाही एवढंच कारण असावं.

तिने भाषेला नाव दिलं नव्हतं. आम्ही 'तिसरी' म्हणायला लागलो. पहिली तिची, दुसरी माझी आणि ही तिसरी. मी तिला मंदा म्हणायची, ती मला कायम 'शनिवार' म्हणायची, माझं खरं नाव तिने फक्त मी आजारी असताना माझ्या रजेच्या अर्जावर लिहिलं असेल. तिसरीत घराला 'लोमा' म्हणायचं. मोजता येतील इतकी घरं असतील तर 'लोमान', आणि मोजण्यापलीकडची असतील तर 'लोमाव'. अशी दोन वेगळी अनेकवचनं कशाला, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या पुण्यात पानं किती ते विचारून भात टाकतात. आमच्याकडे पंगतीत मोजत नाहीत. दोन्हीला एकच प्रत्यय कसा चालेल?" विभक्त्या पाचच होत्या आणि त्यातल्या दोनच इथे सांगते, कारण पुढे लागतील. घरी जायचं तर 'लोमारू' म्हणायचं आणि घरातून निघायचं तर 'लोमाशे'. 'रू' म्हणजे जाणं, 'शे' म्हणजे निघणं. बस, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मी झपाट्याने शिकले. फार झपाट्याने. रकाने पाठ करणं हा आमचा पिढीजात धंदा. आणि मग मी जे केलं ते शनिवार पेठेत वाढलेलं माणूसच करू शकेल. मंदाने एकदा जेवताना दोन पेल्यांकडे बोट दाखवून पाण्यासाठी मोजलेल्या अनेकवचनाचं रूप वापरलं. तिच्याच तक्त्याप्रमाणे पाणी मोजलेलं चालत नव्हतं. मी घास हातात धरून तिला सांगितलं की चुकलं, दुसरं रूप हवं. जिने भाषा केली तिलाच मी तिची भाषा दुरुस्त करून दिली... मंदाने पेला खाली ठेवला. "माझ्या भाषेतही तूच मला शिकवणार?" असं म्हणाली आणि उठून गेली. त्या दिवशी अंगणातल्या बाकड्यावर मी एकटी बसले होते आणि 'जेवून राहिली'वरचं ते हसणं मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ती एक कायदा घेऊन आली. तिसरीत कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही. चूक ऐकली की त्या रूपासमोर पेन्सिलीने एक रेघ ओढायची, कुणाचीही चूक असो. तीच चूक तीनदा झाली, तीन रेघा झाल्या, की ती चूक राहत नाही, नियम होतो, मग ते रूप शाईने तक्त्यात लिहायचं. फक्त मुद्दाम केलेली चूक धरायची नाही. मी एकदा लबाडी करून पाहिली, मला आवडणारं एक रूप चुकून आल्यासारखं दाखवून तिसऱ्यांदा म्हणून टाकलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोड ते." मी खोडलं. दोन पेल्यांचं पाणी मात्र पुढे रीतसर तीन रेघांनी मंजूर झालं. तक्ता तिने एका जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर मांडला, पानं एकमेकांना चिकटवून, आणि पुढे विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावला. कपाट उघडलं की डाळींच्या डब्यांच्या बरोबरीने विभक्त्या दिसत. आज त्या तक्त्यातली निम्मी शाई आमच्या चुकांची आहे आणि मला वाटतं तोच भाग जास्त चांगला आहे.

साहेबांचा राग कशावर होता तेही सांगते. कंपनीकडे एक काम आलं होतं, वेगवेगळ्या भाषांत पत्रं छापणारा प्रोग्राम. तो तपासायला मंदाने तिसरीतले शब्द घातले, कारण दोन-दोन अनेकवचनं असलेली भाषा समोर आली की प्रोग्राम अडखळत होता, आणि तो दोष तिच्यामुळेच वेळेत सापडला. परदेशी पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी फर्मावलं की ती बोगस भाषा काढून टाका. मंदा म्हणाली, दुरुस्ती झालीय, शब्द काढते, पण आधी बोगस हा शब्द मागे घ्या. साहेबांनी घेतला नाही, तिने शब्द काढले नाहीत. वर्षअखेरच्या शेऱ्यात तिच्या नावापुढे लिहून आलं की संभाषणकौशल्य कमी पडतं. बाईने अख्खी भाषा उभी केली, आणि संभाषणकौशल्य कमी! ती दोन दिवस तो कागद दाखवून हसत होती. पुढे कंपनी हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत गेली, आमच्याबरोबरचे लोक मॅनेजर झाले, परदेशी गेले, आणि मंदा होती तिथेच राहिली. तिला त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. तिने तसं मला सांगितलंय, तिसरीत सांगितलंय, आणि ते इथे मराठीत करून लिहिणार नाही.

झटका आला तो चार महिन्यांपूर्वी. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं, असं मला फोनवर कळलं. मी रुग्णालयात पोचले तेव्हा दादा तिच्या उशाशी बसले होते आणि स्पीच थेरपिस्ट मंदाला चित्रं दाखवत होती. ती मुलगी वयाने लहान, नीटनेटकी, आवाजात आर्जव. इंग्रजी मंदाच्या तोंडून पूर्ण गेलं होतं. मराठी एखाद-दुसरा शब्द. थेरपिस्टने घराचं चित्र दाखवलं. मंदा बराच वेळ जुळवाजुळव करत राहिली आणि म्हणाली, "लोमा." थेरपिस्टने कागदावर फुली मारली.

"अहो, ते बरोबर आहे," मी म्हणाले.

"मॅडम, प्लीज पेशंटला प्रॉम्प्ट करू नका. हे असं होतं, निरर्थक अक्षरं येतात."

मी तिला तिथेच उभी राहून तिसरीची हकिगत सांगितली. तिने ऐकून घेतली, पण फुली तशीच राहिली. मला भयंकर संताप आला. मंदा आमच्याकडे बघत होती. मग तिने डाव्या हाताने दाराकडे दाखवलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "लोमाशे." तिला घरी जायचं होतं. पण घरी जायचं तर 'लोमारू' हवं, 'लोमाशे' म्हणजे घरातून निघणं, हे तर तिने रचलेलं अगदी पहिलं रूप. जी चूक तिने वीस-पंचवीस वर्षांत एकदाही केली नव्हती ती माझ्या समोर झाली आणि माझ्या जिभेवर दुरुस्ती आलीच, जित्याची खोड... मी ती गिळली. पर्समधून पेन काढलं, आणि कागद सापडेना म्हणून औषधांच्या पावतीमागे ते रूप लिहून समोर एक रेघ ओढली.

बाहेरच्या बाकड्यावर दादांनी मला विचारलं, "ताई, तिनं कायले दुसरी भाषा बनवली? आमची काय वाईट होती?" एवढा साधा प्रश्न. त्यांना वाटत होतं, बहिणीला पुण्यात येऊन घरची बोली नकोशी झाली. इतकी वर्षं हे त्यांच्या मनात होतं आणि त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "तुमची वाईट नव्हती, दादा. मी वाईट होते." आणि त्यांना डबा खाण्याचा तो सगळा प्रसंग सांगितला, एक शब्दही मवाळ न करता. ते म्हणाले, "जेवून राहिली म्हटलं तर हसले काय तुम्ही?" मी हो म्हणाले. त्यांनी मला माफ केलं असं काही म्हणाले नाहीत, पण उठून दोन चहा आणले आणि एक मला दिला.

मंदाला घरी आणलं. मी जमेल तेव्हा जाऊन बसायची. एका दुपारी दादांनी तिला धरून स्वयंपाकघरापर्यंत चालवलं आणि खुर्चीत बसवलं. घरी आल्यापासून ती पहिल्यांदाच तिथे आली होती. ओटा, डबे, खिडकी, सगळ्यावरून तिची नजर फिरली आणि ती समाधानाने म्हणाली, "लोमाशे." तिला म्हणायचं होतं, घरी आले, आणि त्यालाही 'लोमारू'च हवं. पुन्हा तीच चूक. मी कपाट उघडलं. पावतीवरची रेघ मी आधीच तक्त्यावर उतरवून ठेवली होती, तिच्या शेजारी पेन्सिलीने दुसरी ओढली. वळून पाहिलं तर मंदा माझ्या हाताकडे बघत होती. तिने डावा हात उचलला आणि दोन बोटं दाखवली. दोन झाल्या. तिला माहीत होतं. आपण चुकतो आहोत हे तिला माहीत होतं, कितव्यांदा ते माहीत होतं, आणि आणखी एक झाली की काय होणार हेही माहीत होतं.

मी दुसऱ्या दिवशी थेरपिस्टला गाठलं आणि हे सांगितलं. ज्या बाईला स्वतःच्या चुका मोजता येतात तिची भाषा गेलेली नाही, ती हळू चालतेय एवढंच. त्या मुलीने या खेपेला नीट ऐकलं. प्रश्नही विचारले. पण शेवटी म्हणाली की फाईलमध्ये असं लिहायला रकानाच नाही. मी म्हणाले, मग तुमची फाईल अपुरी आहे. तिला याचा राग आला नाही, आणि पुढच्या वेळी येताना घराचं चित्र पुन्हा घेऊन येते असं म्हणाली. ती पुढची वेळ आली नाही. अकरा दिवसांनी मला दादांचा तो फोन आला.

'लोमाशे'समोर दोन रेघा राहिल्या. मला ते सहन होईना. तिचं ते शेवटचं बोलणं चूक म्हणून पेन्सिलीतच राहणार होतं, आणि मी मुद्दाम काही करू शकत नव्हते. कायदा तिचा होता. मी घरात एकटीच मोठ्याने तिसरी बोलून पाहिली, वाटलं ओघात येईल. पण माझं व्याकरण पक्कं, दर वेळी 'लोमारू'च यायचं. आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला ते अचूक बोलणं मला तेव्हा नकोसं झालं.

गेल्या पंधरवड्यात फ्लॅट रिकामा करायचा होता. भांडी, पुस्तकं, कपडे असं सगळं आवरून झालं. मी खिळे काढून तक्ता कपाटाच्या दारावरून उतरवला आणि ओट्यावर पसरला. मागे दारावर पांढरा चौकोन राहिला होता. दादा त्यांच्या पिशव्या बांधत होते. तक्ता कुणी न्यायचा यावर आम्ही बोललो नव्हतो, ते आपणहून म्हणाले की तुम्ही घेऊन जा, तुमचा आहे. मी ती पानं गुंडाळायला लागले. खाली रिक्षा येऊन थांबली, तिचा आवाज आला. दादांनी सहज विचारलं, "कुठं चालल्या ताई, घरी ना?"

"लोमाशे," मी म्हणाले.

मला कळलंही नाही. मी पर्स शोधत होते. ती सापडली आणि वर बघितलं, तर दादा माझ्याकडे बघत उभे होते. त्या दुपारी दोन बोटं त्यांनीही पाहिली होती, आणि त्याचा अर्थ मीच त्यांना सांगितला होता. त्यांनी माझ्या हातातली गुंडाळी घेतली, ओट्यावर उलगडली, किराण्याच्या यादीला लावलेली पेन्सिल काढली आणि मला विचारलं, "कोणतं?" मी बोट ठेवलं. दादांनी सावकाश, शाळेतल्या पाटीवर काढावी तशी, तिसरी रेघ काढली. मग म्हणाले, "आता पक्कं?"

"पक्कं," मी म्हणाले, आणि मग मात्र मी रडले. रिक्षावाला खालून हॉर्न वाजवत राहिला.

तेव्हा साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर नोंद घ्या. तिसरीत आता घरी जाणं आणि घरातून निघणं यांना एकच रूप आहे. ते मी शाईने लिहिलंय. जिच्या बुद्धीचं चीज झालं नाही असं तुम्ही म्हणालात तिने तो नियम केला, अर्धं अंग लुळं पडलेलं असताना केला, आणि तो कुणाच्या शेऱ्याने रद्द होत नाही.

तक्ता आता शनिवार पेठेत आहे, माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून. जाताना दादांनी एका वहीत त्यातले थोडे शब्द उतरवून मागितले होते, मी दिले. परवा त्यांचा फोन आला, पुन्हा स्वतःहून. पीकपाण्याचं, नातवंडांचं सांगून झालं. मग म्हणाले, "आमचं लोमाव बरं हाय, ताई. या एकदा." लोमाव म्हणजे मोजण्यापलीकडची घरं, आणि दादांचं घर तर एकच आहे. 'लोमा म्हणा दादा' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी म्हणाले, येते. फोन ठेवला, कपाट उघडलं, आणि पेन्सिलीने एक रेघ ओढली.